पूर्वजांचा माग कसा काढावा?

मुलांनो, पणजोबांचे नाव घरात विचारले की कळते. पण त्यांच्याही आधीचे? तिथे जुनी दप्तरेच कामी येतात. इंग्लंडचे उदाहरण सांगतो.

तिथे १५३८ साली हुकूम निघाला, की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची वही ठेवावी. बाप्तिस्मा म्हणजे मुलाला ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी. म्हणजे वहीतली तारीख ही जन्मतारीख नव्हे बरं का! जन्म त्याआधीचा. जुन्या वह्यांत पुष्कळदा बापाचेच नाव, आईचे नाहीच. १८१३ पासून छापील रकाने आले, त्यांत आईचेही नाव आले. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्मनोंद सुरू झाली. तिच्यात आईचे माहेरचे आडनावही सापडते. म्हणून शोधणारा उलटा चालतो: आधी सरकारी नोंद, मग चर्चची वही.

आपल्याकडे गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यू लिहीत. पण बारशाआधीच नोंद झाली, तर नाव कुठून येणार? नुसते 'मुलगी' एवढेच! मग पुढे ती आजी कागदावर ओळखायची कशी?

तेव्हा आज घरी गेलात की आजीला तिचे माहेरचे नाव आणि गाव विचारा. वहीत तारखेसह लिहून ठेवा.