समुद्रातली खिंड

मंडळी, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेला आपण खिंड म्हणतो. समुद्रातही अशी खिंड असते, बरे का! दोन्ही बाजूंना जमीन आणि मधे पाण्याची चिंचोळी वाट. तिला सामुद्रधुनी म्हणतात.

आपल्या चाकण-चिंचवडहून पश्चिमेला जाऊन घाट उतरला, की कोकण लागते. तिथे अलिबागजवळ थळ नावाचे गाव आहे. थळसमोर समुद्रात दोन बेटे आहेत. जवळचे उंदेरी, लांबचे खांदेरी. खांदेरी किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर दूर आहे. मधले पाणी म्हणजे एक लहानशी सामुद्रधुनीच.

या पाण्यावर राज्य वाऱ्याचे. एरवी दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. रात्री तो उलटा, जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई वारा. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटतो आणि समुद्र खवळतो. शिवाय रोज भरती-ओहोटी असते. अमावास्या-पुनवेला भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात.

खळ्यावर धान्य उपणताना आपण वाऱ्याची वाट पाहतो. वारा पडला तर काम थांबते, एवढेच. समुद्रावर वारा पडला किंवा वाढला, तर जिवाशी गाठ असते.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे आणून वाट अडवली. ती जहाजे मोठी, शिडावर चालणारी. वारा पडला की ती जागच्या जागी थांबत. मराठ्यांच्या होड्या लहान होत्या. त्या उथळ पाण्यातून जात, वल्ह्यांनी चालत. रात्रीच्या अंधारात त्या बेटावर सामान पोचवीत. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. आपल्या मावळातल्या लोहगडाबरोबर खांदेरीचेही नाव २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले.

पण वारा कुणाचाच सोयरा नाही. खांदेरीच्या उत्तरेला मुंबई बंदराचे तोंड आहे. तिथे १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' बोट बुडाली. ती मुंबईहून रेवसला निघाली होती. वादळी वारा होता, लाटा उसळत होत्या. सहाशेहून अधिक माणसे दगावली. किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल!

आजही पावसाळ्यात मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँच बंद ठेवतात. आपल्याकडची पुष्कळ मंडळी सुटीत अलिबागला जातात. "एक फेरी मारा की!" असा आग्रह कुणी धरू नये. तांडेल 'आज नको' म्हणाला, तर थांबावे. तो वारा ओळखतो.

हाच नैर्ऋत्येचा वारा पुढे सह्याद्री चढतो. लोणावळ्याला धो धो पाऊस पाडतो. उरलेला बेताचा पाऊस चाकणला येतो. समुद्रावर ज्याला भ्यायचे, त्याचीच आपण शेतात वाट पाहतो.

प्रश्न : १. सामुद्रधुनी म्हणजे काय? २. इंग्रजांची जहाजे केव्हा थांबत? ३. तुमच्या गावात पावसाळी वारा कोणत्या दिशेने येतो? पाहून सांगा.