वर्गणी भरली, पण अंक राहिले नाहीत

२०१८ सालची गोष्ट. शनिवारची दुपार होती. डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सकाळची बदलापूर लोकल पकडून ती आली होती. वहीच्या फाडलेल्या कागदावर तिने एका लेखाचा तपशील लिहून आणला होता: रसायनशास्त्राच्या जर्नलचं नाव, वर्ष २०१४, खंड, पान. "मॅडम, हे जर्नल आपल्याकडे येतं ना?"

येत होतं. २०१२ ते २०१७ अशी सहा वर्षं आम्ही त्याची वर्गणी भरली होती. मी कॉम्प्युटरवर लेख शोधला. शीर्षक आलं, सारांश आला आणि त्याखाली त्या एका लेखाची डॉलरमधली किंमत आली. मी दोनदा लॉगिन करून पाहिलं. तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नव्हता. २०१८ची वर्गणी भरली गेली नव्हती आणि तिच्याबरोबर आधीची सहा वर्षंही गेली होती.

मी तिला मागच्या रॅककडे नेलं. हिरव्या रेक्झिनच्या बांधणीतले, पाठीवर सोनेरी आकडे असलेले त्याच जर्नलचे खंड तिथे ओळीने उभे आहेत. शेवटच्या खंडावर २०११ हा आकडा आहे. पुढचा रॅक आम्ही काढून टाकला होता, तिथे कॉम्प्युटरची टेबलं मांडली होती. वर्गणी बंद झाल्यावर १९९५चा खंड कुणी उचलून नेला नाही. २०१४चा मात्र आमच्याकडे राहिला नाही.

ज्यांच्या हाती आज कॉलेजचं ग्रंथालय आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या सहीने वर्गणीचे चेक निघतात त्या प्राचार्यांसाठी आणि संस्थाचालकांसाठी हे लिहिते आहे.

वर्गणी आणि लायसन्स

आपल्या भागाला वर्गणीची ओळख जुनी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, विनायक लक्ष्मण भाव्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. चार लोकांनी पैसे एकत्र करायचे, त्यातून ग्रंथ आणि मासिकं घ्यायची, ती सगळ्यांनी वाचायची. पुढच्या वर्षी एखाद्याने वर्गणी भरली नाही तरी घेतलेली पुस्तकं कपाटातच राहायची. माझी पिढी याच समजुतीत वाढली. वर्गणी भरली की अंक आपला.

ई-जर्नलच्या कागदावर वर्गणीच्या जोडीला आणखी एक शब्द असतो, लायसन्स. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा शब्द कळत नाही असं घर सापडणार नाही. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करताना आपण भाडं, डिपॉझिट, नोटिशीचा महिना, रंगाचे पैसे कोण देणार, सगळं वाचून घेतो. त्या करारात राहायची परवानगी मिळते, घरावर हक्क मिळत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. ई-जर्नलचा करार त्याच जातीचा आहे. आमचा करार एकोणीस पानांचा होता. मी किमतीचं पान वाचलं आणि सहीचं पान वाचलं. चौदाव्या पानावर लिहिलं होतं की मुदत संपली की सर्व प्रवेश बंद होईल. तो परिच्छेद मी २०१८ साली पहिल्यांदा वाचला, ती मुलगी परत गेल्यावर.

आमचं काय चुकलं

आमच्या शहरातलं एक, कल्याणचं एक आणि ठाण्याचं एक अशा तीन कॉलेजांनी २०१२ साली मिळून हे लायसन्स घेतलं. एकट्याला न परवडणारं तिघांना परवडत होतं. कॉन्सॉर्शियम म्हणजे तरी दुसरं काय, एकत्र वर्गणी. कल्पना चांगली होती आणि आजही मी तिच्याच बाजूची आहे. पण तिघांनी आपसात एक ओळही लिहून ठेवली नव्हती.

२०१५च्या मे महिन्यात पहिला धक्का बसला. आमच्यातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने रात्रभर सॉफ्टवेअर लावून शेकडो लेख उतरवले. मुलगा लबाड नव्हता. त्याच्या घरी इंटरनेट नव्हतं आणि सुटीत वाचायला पेन ड्राइव्ह भरून न्यायचा होता. पण अशा सरसकट डाउनलोडला करारात स्पष्ट मनाई होती. तिन्ही कॉलेजांचा प्रवेश एकाच वाटेने जात असल्यामुळे तिघांचाही आठवडाभर बंद झाला. त्या मुलाला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. सांगायचं काम माझं आणि माझ्या दोन सहकाऱ्यांचं होतं.

दुसरा धक्का शेवटचा ठरला. २०१७च्या दिवाळीनंतर तिघांपैकी एका कॉलेजने आपण पुढच्या वर्षी नाही असं कळवलं. किंमत तिघांवर ठरलेली होती, दोघांवर आल्यावर आमचा वाटा दीडपट झाला. जर्नलचं वर्ष जानेवारीला सुरू होतं आणि कॉलेजचं बजेट एप्रिलला. वाढीव रक्कम मंजूर व्हायला मार्च उजाडणार होता. जानेवारीत प्रवेश बंद झाला, आणि मार्चमध्ये व्यवस्थापनाने विचारलं की दोन महिने कुणी तक्रार केली का. केली नव्हती, कारण मुलांना हे जर्नल आपल्याकडे आहे हेच फारसं माहीत नव्हतं. रक्कम नामंजूर झाली.

आधी सार्वजनिक दार ठोठवा

खासगी करारात शिरण्याआधी देशाच्या पातळीवर आपल्यासाठी काय घेतलेलं आहे ते पाहा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हे काम वर्षानुवर्षं करतं. विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट कॉन्सॉर्शियम २००३च्या डिसेंबरात सुरू झालं. कॉलेजांसाठी २०१०च्या मे महिन्यात एन-लिस्ट आलं. २०१५ साली या दोन्ही योजना आणि तंत्रशिक्षण संस्थांचं इंडेस्ट एकत्र करून ई-शोधसिंधू झालं. एन-लिस्टसाठी आमच्यासारख्या अनुदानित कॉलेजला वर्षाला ५,००० रुपये आणि वर जीएसटी एवढाच खर्च येत होता. एवढ्या पैशांत हजारो जर्नल्स मिळतात. शिवाय प्रत्येक वाचकाला स्वतःचा लॉगिन मिळतो, म्हणजे कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या मुलाला लेख घरी बसून किंवा गाडीत मोबाइलवर वाचता येतो. आमच्या तिघांच्या महागड्या करारात ही सोय नव्हती. लेख फक्त कॉलेजच्या आवारात उघडायचा. ज्या भागातली मुलं दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवतात, तिथे असा करार करणं हीच मुळात चूक होती.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक एवढा त्याचा पसारा आहे. संपूर्ण देशाने एकत्र वर्गणी भरावी, हा विचार मला मनापासून पटतो. पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची बहुतेक कॉलेजं शिक्षणसंस्थांनी आणि ट्रस्टनी चालवलेली आहेत. म्हणून 'आता सरकारने सगळं घेतलंय' असं ऐकून हातातलं काही बंद करू नका. आपल्या संस्थेचं नाव यादीत आहे का हे पोर्टलवर स्वतः तपासा आणि मगच निर्णय घ्या.

सही करण्याआधी

करार संपल्यावर काय राहतं, हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे लेख पुढेही वाचता येतील का? कुठून? प्रकाशकाच्या वेबसाइटवरून, की पोर्टिको किंवा क्लॉक्स यांसारख्या जतन-व्यवस्थेतून? त्यासाठी वेगळी फी आहे का? विक्री प्रतिनिधी तोंडी 'हो मॅडम, मिळेल' म्हणतो, ते करारात नसेल तर त्याचा उपयोग नाही. हे कलम मागितलं तर मिळू शकतं, निदान काही प्रकाशक देतात. आम्ही मागितलंच नव्हतं.

अधिकृत वाचक कोण, हे नीट पाहा. आपल्याकडे निम्मे तास सीएचबीवरचे शिक्षक घेतात. ते करारात बसतात का? संशोधन केंद्रात नाव नोंदवलेले पण दुसरीकडे नोकरी करणारे पीएच.डी.चे विद्यार्थी? बाहेरून ग्रंथालयात येऊन वाचणारा माणूस? आणि 'साइट' म्हणजे एक इमारत, एक शहर की संस्थेच्या सगळ्या शाखा? प्रत्येक शब्दाची व्याख्या करारातच असते, बहुधा पहिल्या दोन पानांवर.

डाउनलोडचे नियम मराठीत लिहून वाचनकक्षात लावा आणि वर्षाच्या सुरुवातीच्या तासात सांगा. हवा तो लेख उतरवा, अख्खा अंक उतरवू नका, पासवर्ड मित्राला देऊ नका. कारणही सांगा: एकाच्या चुकीने सगळ्यांचं दार बंद होतं. कारण कळलं की मुलं ऐकतात. कॉलेज सोडलेल्यांचे लॉगिन दरवर्षी जूनमध्ये काढून टाका.

पैशांचं वेळापत्रक आधी बसवा. पुढच्या जानेवारीच्या वर्गणीची तरतूद आदल्या एप्रिलच्या बजेटमध्येच हवी. सप्टेंबरमध्ये नवा दर मागवा. डॉलरचा भाव, कर आणि दरवर्षीची वाढ धरूनच आकडा मांडा, आणि वाढीला कमाल मर्यादा करारात लिहून घ्या. पैसे उशिरा पोचले तर किती दिवस प्रवेश चालू राहील, हेही कागदावर आणा.

भागीदार कॉलेजांशी वेगळा लेखी करार करा. वाटा कशावरून ठरला, विद्यार्थीसंख्येवरून की वापरावरून? कुणाला बाहेर पडायचं असेल तर निदान एक वर्षाची सूचना. बाहेर पडल्यावर त्याच्या वाट्याचं काय, आणि त्याने भरलेल्या वर्षांवर त्याचा हक्क राहतो का? ओळखीचे, स्नेहाचे संबंध असले तरी हे लिहा. आमचे संबंध उत्तम होते, तरीही ही वेळ आली.

वापराचे आकडे दर महिन्याला काढा. प्रकाशकाकडून ते मागता येतात. वर्षाची रक्कम भागिले वाचलेले लेख, एवढा एकच आकडा प्राचार्यांना दाखवा. नॅकच्या अहवालात ई-जर्नल्सचा रकाना भरायचा म्हणून वर्गणी भरली जाते आणि कुणी उघडूनही पाहत नाही, अशी कॉलेजं मी पाहिली आहेत. आमचंही काही वर्षं त्यातलंच एक होतं. तेवढ्या पैशांत विभागाविभागात जाऊन शिक्षकांना आणि मुलांना लेख शोधायला शिकवलं असतं, तर २०१८च्या मार्चमध्ये आमच्या बाजूने बोलायला माणसं उभी राहिली असती.

आणि करार हातचा गेला तरी वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नका. प्रबंध शोधगंगेवर मोफत आहेत. कित्येक लेखांची लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत त्याच्या विद्यापीठाच्या भांडारात मिळते. डेलनेटचे सभासद असाल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवता येतो. त्या शनिवारी मी त्या मुलीला लेखकाचा ईमेल शोधून दिला आणि चार ओळींचं पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. मंगळवारी लेख आला. तिचं काम झालं. तरी त्या लेखाचे पैसे आम्ही २०१४ सालीच भरले होते, हे माझ्या मनातून गेलं नाही.

एक नोंदवही

पुस्तक ग्रंथालयात आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. ते हरवलं तर पडताळणीत सापडतं, ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो. ई-जर्नलला क्रमांक नव्हता, म्हणून सहा वर्षांचे अंक गेले तरी कुठल्याच वहीत कमी दिसले नाहीत. कुणी मला जाब विचारला नाही. म्हणून त्याच आठवड्यात मी जाड पुठ्ठ्याची एक वही आणली आणि रकाने आखले: जर्नल, पैसे भरलेली वर्षं, करार संपल्यावर काय राहतं, कलम आणि पान क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, भागीदार, सही कुणाची. पहिली ओळ त्या रसायनशास्त्राच्या जर्नलची लिहिली. २०१२ ते २०१७. 'करार संपल्यावर काय राहतं' या रकान्यात लिहिलं: काही नाही.

निवृत्त होताना कपाटांच्या किल्ल्यांबरोबर ती वही मी नव्या ग्रंथपालांच्या हातात दिली. तिच्यात आता दोन पानं भरली आहेत आणि त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पान क्रमांक आहे. तुमच्याकडे अशी वही नसेल तर उद्या सकाळी आणा, आणि चालू असलेला प्रत्येक करार शेवटच्या पानापर्यंत वाचून त्या वहीत उतरवा.