चाकातील हवा

बैलगाडीचे लाकडी चाक तयार झाले म्हणजे लोहार लोखंडी पट्टीचे कडे भट्टीत तापवून त्यावर चढवितो, आणि वरून पाणी ओतून ते आवळून बसवितो. ह्या कड्यास धाव म्हणतात. धाव मजबूत खरी. परंतु वाटेवरील प्रत्येक धोंड्याचा हिसका ती जसाच्या तसा गाडीवानाच्या पाठीपर्यंत पोचविते. मोटारीच्या चाकास धावेच्या जागी टायर असतो, आणि मोटारीचे ओझे त्या टायरचे जाड रबर सोसते, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ओझ्याचा बहुतेक भाग सोसते ती आत कोंडलेली हवा. रबर व त्यातील दोरे हे त्या हवेचे गाठोडे होय. म्हणून हवा कमीअधिक झाली की गाडीचा स्वभावच पालटतो.

हवेवर चाक चालविण्याची युक्ती प्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थास सुचली व १८४५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. परंतु लोक ती विसरून गेले. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने शोधून काढली. डनलॉप हा धंद्याने गुरांचा डॉक्टर होता, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता थोडे गणित करू. एका लहान मोटारीचे वजन माणसांसह १२०० किलो धरिले तर प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो येतात. चाकात दर चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो, दाबाची हवा आहे. ३०० ला २.३ ने भागिले असता १३० येतात. म्हणजे प्रत्येक टायर जमिनीस अवघा १३० चौरस सेंटिमीटर, मोठ्या माणसाच्या पंजाएवढाच, टेकलेला असतो! टायरची भिंत स्वतःही थोडे ओझे सोसते, त्यामुळे हा आकडा ठोकळ मानावा. दाब २४ पौंडांवर उतरला तर हाच पंजा सुमारे १८० चौरस सेंटिमीटर पसरतो.

ह्या पंजाचा व स्टिअरिंगचा संबंध निकटचा आहे. चाक वळविले की जमीन टायरला आडवा रेटा देते, आणि तो रेटा पंजाच्या मधोमध न लागता किंचित मागच्या बाजूस लागतो. त्यामुळे वळलेले चाक आपण होऊन सरळ होऊ पाहते. चालकाच्या हातास जो हलका विरोध जाणवतो, त्याचे एक मोठे कारण हेच. हवा कमी असता पंजा लांबतो व हा विरोध वाढतो. गाडी उभी करिताना अथवा सावकाश वळविताना स्टिअरिंग जड लागते. परंतु वेगात ह्याच्या उलट फसवणूक होते. टायरच्या बगला लुसलुशीत झाल्याने स्टिअरिंग फिरविले तरी आधी रबर मुरडते आणि मग गाडी वळते. हातातील हुकूम चाकाला क्षणभर उशिरा पोचतो. पुढच्या दोन चाकांपैकी एकातच हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूस ओढते. उलट हवा फाजील झाली तर स्टिअरिंग हलके व चपळ वाटते खरे, पण टायर दगडासारखा कडक होऊन खाचखळग्यावर उडतो, आणि उडालेले चाक जमीन धरीत नाही.

झिजण्याची रीतही ह्यावरूनच समजते. हवा कमी असेल तर टायरचा मध्य आत दबतो, भार दोन्ही कडांवर येतो व कडा आधी गोटा होतात. हवा जास्त असेल तर पोट फुगून मध्यभाग झिजतो. एकच कड झिजली असेल तर मात्र दोष बहुधा हवेचा नसून चाकांच्या जुळणीचा असतो, आणि तेथे हवा भरून उपयोग नाही. नक्षीच्या खोबणीत ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावयाचा.

इतके सर्व पैशापुरते झाले. आम्हांस ज्याबद्दल पालकांशी विशेष बोलावयाचे आहे ती गोष्ट प्राणांची आहे. आमच्या नायगावावरून नांदेडहून देगलूर व पुढे हैदराबादकडे जाणारा रस्ता जातो. वैशाखात, लग्नसराईत, माणसे व सामान खच्चून भरलेल्या गाड्या ह्या रस्त्याने भर दुपारी धावतात. त्या दिवसांत "ऊन फार आहे, हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल" असा सल्ला पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. हा सल्ला ऐकावयास शहाणपणाचा वाटतो, आणि तो घातक आहे.

पाहा, बंद जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे आपण पुस्तकात शिकतो. सकाळी २७ अंशांवर ३३ पौंड असलेली हवा ६० अंशांपर्यंत तापली तर सुमारे ३८ पौंड होते. ही पाच पौंडांची वाढ टायर बनविणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही. हवा कमी असली म्हणजे मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास टायरची बगल अधिक दुमडते व उलगडते. लोखंडी तार पुनःपुन्हा वाकवून पाहा. वाकल्या जागी ती गरम लागेल. तसेच रबरही आतल्या आत तापते, त्यातील थर सुटू लागतात, आणि शेवटी टायर फुटतो. वेग व ओझे जितके अधिक तितकी ही घडी लवकर येते. त्यातून हल्लीच्या रेडियल टायरांची बगल पुरेशी हवा असतानाही किंचित फुगलेलीच दिसते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी अथवा लाथ मारून हवेचा अदमास घेणे व्यर्थ होय.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मोटारींस ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा असलेल्या ह्या सिमेंटच्या सरळ रस्त्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्यास आरंभ केला. गावातील रस्त्यावर जो दोष महिनोनमहिने निभावून जातो, तो तेथे एका तासात उघडा पडतो.

तेव्हा हवा किती असावी? आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा निराळा, मोठा आकडा दिलेला असतो. टायरच्या बगलेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा. तो भरावयाचा नव्हे. हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजावी. प्रवासात तापलेल्या टायरमधून दाब वाढलेला पाहून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती कमीच भरेल. चांगल्या टायरमधूनही दरमहा एक-दोन पौंड हवा झिरपत असते, म्हणून महिन्यातून एकदा तरी मोजणे हवे, आणि त्या वेळी स्टेपनीस विसरू नये. ट्रॅक्टरवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. काळ्या मातीत मऊ चाक माती कमी दाबते, म्हणून शेतात ते हवा कमी ठेवितात. पण तेच चाक भरलेल्या ट्रॉलीसह डांबरी रस्त्यावर आणताना पुन्हा भरावे लागते.

विद्यार्थ्यांस घरच्या गाडीवर करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. टायरच्या नक्षीवर आडवी, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूची जाड रेघ ओढावी आणि वडिलांस गाडी सपाट फरशीवरून सरळ रेषेत थोडी पुढे नेण्यास सांगावे. मधला खडू पुसला व कडांचा राहिला तर हवा जास्त; कडांचा पुसला व मधला राहिला तर हवा कमी; रेघ सारखी पुसली तर ठीक. सायकलीच्या चाकावर हा प्रयोग नीट साधत नाही, कारण तिचा टायर गोल असून तो मध्यावरच टेकतो. सायकलवाल्यांनी पटांगणावर पुढच्या चाकातील हवा थोडी सोडून सावकाश एक वळण घ्यावे, आणि हँडल हातास काय सांगते ते पाहावे.