गोल जिन्याच्या बिलातला पीळ

सरळ जिन्याचं आणि गोल जिन्याचं कोटेशन शेजारी ठेवलं की पहिला प्रश्न येतो, यात एवढं जास्त लागतं तरी काय? सामान म्हणाल, तर फारसं काही नाही.

मजल्याची उंची साडेदहा फूट धरा. सात इंचांचे 18 चढ, रुंदी साडेतीन फूट, आणि वर पोचेपर्यंत अर्धं वर्तुळ पुरं. आठ इंच जाडीचा स्लॅब आणि पायऱ्या मिळून काँक्रीट पावणेदोन घनमीटरच्या आसपास भरतं, सळई साधारण 300 किलो. हे सगळं पस्तीस-चाळीस हजारांत बसतं. खरा खर्च सेंटरिंगचा. प्रत्येक टेकू वेगळ्या उंचीचा, प्लाय वाकवून ठोकायचं, आणि तो साचा पुन्हा कुठल्याच साइटवर चालायचा नाही. त्यामुळे मजुरी सामानाच्या दुप्पट-तिप्पट झाली तर दचकू नका. फार कमी सांगितली, तर मात्र त्या माणसाने आधी केलेला एखादा गोल जिना स्वतः चढून बघा.

सरळ जिना भाराने फक्त वाकतो. गोल जिना वाकतो आणि पिळतोही, कारण त्याचं पोट दोन्ही आधारांच्या रेषेबाहेर लोंबकळत असतं. तो पीळ वरच्या तुळईत आणि खालच्या पायात उतरतो, म्हणून सळईला बंद रिंगा लागतात आणि वरची तुळईही त्या हिशेबाने आधीच जाड करावी लागते. ‘नेहमीचीच सळई गोल फिरवतो, साहेब’ असं मिस्त्री म्हणाला, की काम तिथेच थांबवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं वेगळं डिझाइन, सळईचं ड्रॉइंग आणि ओतकामाआधीची एक फेरी यांचे तीस ते साठ हजार मला सांगितले गेले. अख्ख्या जिन्याच्या खर्चात ही लहानच रक्कम, आणि नेमकी तीच वाचवायला लोक बघतात.

कठड्याची काच शेवटी बघू, असं सगळेच म्हणतात. आम्हीही म्हटलं होतं. आयएस 875 प्रमाणे घरातल्या जिन्याच्या कठड्याने वरच्या काठावर मीटरला 0.35 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 36 किलोचा आडवा धक्का सोसायला हवा. आकडा किरकोळ वाटतो. पण काच पायरीच्या वर मीटरभर उंच आणि तिला धरणारे स्टड एकमेकांपासून चार इंचांवर. ही पहारच झाली! वरचे 36 किलो खाली साडेतीनशेच्या पुढे जातात, आणि तेवढ्या जोराने फास्टनर काँक्रीटमधून उपटला जातो. आमच्या जिन्यात ड्रिल नेमकं कडेच्या सळईवर गेलं. मिस्त्रीने दोन इंच खाली सरकून दुसरं भोक पाडलं, तर बोल्ट आवळताना नारळाच्या करवंटीएवढा तुकडा हातात आला. मग केमिकल अँकर, प्लेटा, आणि ते सगळं लपवायला ग्रॅनाइटची पट्टी. स्टडच्या जागा ड्रॉइंगवर आधी मांडल्या असत्या तर त्या जागी प्लेटा ओतकामातच बसल्या असत्या.

बाहेरच्या कडेची लांबी जमिनीवर मोजली तर 21 फूट, आतल्या कडेची जेमतेम 10. चढ मात्र दोन्हीकडे तेवढाच, म्हणून आतली बाजू उभी चढते आणि तिथली काच कमालीची तिरकी कापावी लागते. बिल मात्र तिरक्या आकाराचं होत नाही, तो ज्या चौकोनात बसेल त्या चौकोनाचं होतं. चार फूट उंचीने खरी काच 124 चौरस फूट, बिलात 174 च्या आसपास. ‘मोजमाप चौकोनी की प्रत्यक्ष?’ हे दर ठरवण्याआधी विचारा.

नुसती 12 मिमी टफन काच स्वस्त पडते, पण फुटली की क्षणात चुरा होऊन खाली येते आणि जिन्याची कड उघडी पडते. घरात लहान मूल असेल तर मी तो विचारही करणार नाही. 8 अधिक 8 लॅमिनेटेड टफन घ्या. फुटली तरी मधल्या थरामुळे बहुधा जागेवर राहते, आणि वर सलग हँडरेल असेल तर धरायला आधारही उरतो. वजन मात्र चौरस मीटरला 40 किलोच्या वर. म्हणजे या जिन्याला जवळजवळ अर्धा टन काच लटकणार, हे इंजिनिअरला आधीच कळायला हवं.

आमच्याकडे सपाट लॅमिनेटेडचे दर चौरस फुटाला पाच ते सातशे आले, वाकवलेलीचे दुप्पट ते तिप्पट. वाकवलेलीचा मधला दर धरला तर नुसती काच अडीच लाखांच्या घरात, स्टड आणि फिटिंगचे लाखभर वेगळे, त्यावर 18 टक्के जीएसटी. बाहेरच्या बाजूला अडीच-अडीच फुटांच्या सपाट काचा लावता येतात. मध्यभागी त्या वक्राच्या दीड इंच आत येतात, तेवढे स्टड लांब घ्यायचे. पैलू दिसतात, पण पैसे निम्म्यावर येतात. जिना भिंतीला चिकटवला तर बाहेरची काचच लागत नाही. मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर स्टड 304 ऐवजी 316 स्टीलचे मागा.

काचेचं माप ग्रॅनाइट बसल्यावरच द्यायचं, कारण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही की भोकही पाडता येत नाही. फॅब्रिकेटर प्रत्येक काचेचा पुठ्ठ्याचा साचा करतो, त्यावर मार्करने नंबर टाकतो. ते साचे काम संपल्यावर फेकू देऊ नका, माळ्यावर ठेवा. आमची सातव्या नंबरची काच सोफा वर नेताना तडकली, आणि तिचा साचा तेव्हा भंगारात गेलेला होता.