सातवीच्या वर्गासाठी

चि. सोनूस,


मुक्या प्राण्यांशी कसं वागावं, हे सातवीच्या मुलांना शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. भूतदयेच्या गोष्टींनी सुरुवात करणार म्हणतेस. माझं ऐकशील तर सुरुवात भीतीपासून कर. आपल्या हैदराबादेत काचीगुड्याला लागूनच अंबरपेठ आहे. 2023च्या फेब्रुवारीत तिथे भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचं लेकरू गेलं. गल्लीतून शाळेत यायचीच ज्याला धास्ती वाटते, त्या मुलापर्यंत दयेचे धडे पोचत नाहीत.

म्हणून आधी कुत्रं ओळखायला शिकव. शेपूट हलतंय म्हणजे ते खूशच आहे असं नसतं. ताठरलेलं अंग आणि रोखलेली नजर दिसली की लांब राहायचं. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. अंगावर आलंच तर पळायचं नाही. नजर न भिडवता, हात अंगालगत धरून उभं राहायचं. हे सगळं वर्गात करवून घे. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचा नाही आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ओरडा बसेल म्हणून मुलं चावा लपवतात. कुणीही रागावणार नाही, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

मग त्यांना गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघून यायला सांग. कानाला खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते आणि रेबीजची लसही टोचलेली असते. कान शाबूत असलेल्यांची यादी मुलांनीच करावी आणि महापालिकेला पत्र लिहावं. हा खरा नागरिकशास्त्राचा तास.

पाळीव प्राण्यांकडे वळलीस की वयाचं गणित घाल. कुत्रं दहा ते पंधरा वर्षं जगतं. आज बारा वर्षांचं मूल पिल्लू मागतंय. ते पिल्लू म्हातारं होईल तेव्हा हे मूल नोकरीच्या शोधात परगावी असेल. मग कुत्र्याला फिरवणार कोण, औषधं देणार कोण? ही उत्तरं मुलांनी घरी विचारून आणावीत. एप्रिल-मेच्या हैदराबादी उन्हात फ्लॅटमध्ये ठेवलेलं हस्की मला बघवत नाही. ते बर्फातलं जनावर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. घ्यायचंच असेल तर गावठी पिल्लू घ्यावं. ज्युबिली हिल्सला अभिनेत्री अमला अक्किनेनींनी 1992मध्ये सुरू केलेली ब्लू क्रॉस ही प्राण्यांसाठीची संस्था आहे. तिथून दत्तक घेता येतं. पिंजऱ्यातल्या पोपटाचं मात्र स्पष्ट सांग. आपला देशी पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कंटाळा आला म्हणून पाळलेला प्राणी सोडून देणं, हाही 1960च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा. त्या कायद्यासाठी राज्यसभेत आधी विधेयक मांडलं ते नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी, हे सांगितलंस तर मुली कान टवकारतील.

एक जपून कर. तुझ्या वर्गात कुणाच्या घरी कुत्र्याला शिवत नाहीत, कुणाकडे बकरी ईदला बकरा येतो, कुणी मांसाला हातही लावत नाही. कुणाच्या ताटावरून वाद होऊ देऊ नकोस. वेळेवर पाणी, सावली, दुखल्याखुपल्याला डॉक्टर, उगाच मार नाही. एवढं प्रत्येक घरात मान्य होतं. आणि ज्यांच्या घरी प्राणी नाहीत त्यांनी गच्चीवर पाण्याचं मातीचं भांडं ठेवावं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर त्यात डास वाढतात.

28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या आठवड्यात पालकांना शाळेत बोलाव आणि जवळच्या पशुवैद्यांना त्यांच्यापुढे बसव. मुलांइतकीच पालकांनाही या शिकवणीची गरज आहे.

तुझी,
मावशी