उंचावरच्या गावाचे सांडपाणी

लडाखमधील लेह हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाकाठी तेथे जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे लडाखी घरांतील परंपरागत शौचालयात पाणी वापरतच नाहीत. मैल्यावर माती लोटतात. खालच्या खोलीत त्याचे खत होते व ते शेतात जाते.

१९७४ साली लडाख पर्यटकांना खुले झाले. पुढे हॉटेले वाढली, पाण्याची शौचालये आली आणि मैलापाणी टाक्यांत व शोषखड्ड्यांत जाऊ लागले. पिण्याचे बरेचसे पाणी मात्र झरे आणि कूपनलिका यांतून, म्हणजे त्याच जमिनीतून येते! मग मैदानी शहरातील शुद्धीकरण यंत्रणा जशीच्या तशी तेथे नेऊन बसवली तर? तीन अडचणी येतात.

पहिली अडचण गाळ खाली बसण्याची. शुद्धीकरणाच्या आरंभी सांडपाणी टाकीत संथ ठेवतात व जड कण तळाशी बसू देतात. स्टोक्सच्या नियमानुसार लहान गोल कणाचा बुडण्याचा वेग पाण्याच्या श्यानतेच्या, म्हणजे चिकटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. समजा, कणाचा व्यास ०.०५ मिलिमीटर आहे आणि त्याची घनता पाण्यापेक्षा ५ टक्क्यांनी अधिक आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १ मीटर खाली जाण्यास त्याला सुमारे सव्वातीन तास लागतात. ५ अंशाला श्यानता जवळजवळ दुप्पट होते आणि त्याच प्रवासाला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे थंड गावात टाकीही जवळजवळ दुप्पट मोठी हवी.

दुसरी अडचण जीवाणूंची. पाण्यात विरघळलेली घाण तेच खातात. तापमान १० अंशांनी उतरले की त्यांच्या कामाचा वेग साधारणपणे निम्म्यावर येतो.

तिसरी अडचण हवेची. लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच असतो. २० अंश तापमानाच्या १ लिटर पाण्यात समुद्रसपाटीला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. लेहला ६ मिलिग्रॅमही नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो हे खरे. पण जीवाणू तेव्हाच मंदावलेले असतात. यंत्राने हवा फुंकायची तर वीज अधिक खर्च होते.

मग उपाय काय? निसर्गाने तेथे तीन गोष्टी मुबलक दिल्या आहेत: उतार, प्रखर ऊन आणि कोरडी हवा. त्यांचाच उपयोग करून २०१७ साली लेह येथे मैलागाळ शुद्धीकरणाचे एक छोटे केंद्र उभारण्यात आले. त्याची क्षमता दिवसाला १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर आहे. टाक्यांतील गाळ टँकरने आणून वाळू व खडीच्या वाफ्यांवर सोडतात. वाफ्यांत वेतासारख्या वनस्पती लावलेल्या असतात. घन भाग वर राहून वाळतो. पाणी झिरपून उताराने खडीच्या दुसऱ्या गाळणीत व पुढे उथळ तळ्यात जाते. खडीवर वाढणारे जीवाणू उरलेली घाण खातात. पाणी गुरुत्वाकर्षणानेच वाहते, म्हणून पंप लागत नाही. ज्या विरळ हवेने ऑक्सिजन कमी केला, तीच कोरडी हवा गाळ झपाट्याने सुकवते!

मोबदला द्यावा लागतो तो जागेचा आणि वेळेचा. विजेऐवजी या दोन गोष्टी खर्च करायच्या, हेच छोट्या केंद्राचे गणित आहे. आपल्या डोंगरी गावांनी मात्र लेहची आंधळी नक्कल करू नये. महाबळेश्वरला उतार आहे, पण पावसाळा मुसळधार. तेथे उघड्या वाफ्यांवर छप्पर हवे.

करून पाहा: बारीक चाळलेली माती दोन सारख्या उंच काचपात्रांत समान घ्या. एकात साधे, दुसऱ्यात बर्फाने थंड केलेले तितकेच पाणी भरा. थंड पाण्याचे पात्र बर्फाच्या पाण्यात उभे ठेवा. दोन्ही एकाच वेळी ढवळा आणि पाणी नितळ होण्यास लागणारा वेळ मोजा. दोन वेळांचे गुणोत्तर किती येते? ते दोन तापमानांच्या श्यानतांच्या गुणोत्तराशी ताडून पाहा.