गारठ्यात घडणारा धातू

मुचकुंदी नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगड हे गाव वसले आहे. या किनाऱ्याच्या वाळूत काळे, जड कण आढळतात. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजला, नद्यांनी त्याचा चुरा खाली आणला आणि सुपाने पाखडावे त्याप्रमाणे लाटांनी हलकी वाळू बाजूस सारली. मागे राहिलेल्या जड कणांत इल्मेनाइट नावाचे खनिज असते. लोखंड, प्राणवायू व टायटॅनियम हे त्याचे घटक होत. अशाच काळ्या वाळूत १७९१ साली इंग्लंडमधील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकास टायटॅनियमचा प्रथम सुगावा लागला.

हा धातू पोलादाहून पुष्कळ हलका असतो. तो गंजत नाही आणि मनुष्याच्या शरीरास मानवतो. म्हणून मोडलेले हाड सांधण्यासाठी त्याच्या पट्ट्या वापरतात. परंतु शुद्ध टायटॅनियम काहीसा मऊ. मांडीच्या हाडावर तर सर्व देहाचा भार! तो पेलावा म्हणून त्यात ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम मिसळतात. मात्र ही द्रव्ये शरीरात हळूहळू झिरपतील की काय, ही काळजी राहतेच. काहीही न मिसळता शुद्ध धातूच बळकट करता आला तर?

लोहार लोखंड भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकतो. येथे रीत उलटी आहे. धातूचा ठोकळा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या गारठ्यात ठेवून तिन्ही दिशांनी आळीपाळीने दाबतात. एरवी धातू दाबला की त्यातील अणूंच्या रांगा एकमेकींवरून घसरतात. एवढ्या थंडीत घसरणे अवघड होते. मग स्फटिकाचा एखादा पट्टा कलतो आणि त्यातील अणूंची मांडणी शेजारच्या मांडणीची आरशातील प्रतिमा बनते. अशा जोडीस जुळे स्फटिक म्हणतात. दाब वाढवीत गेले की जुळ्यांच्या पोटी आणखी जुळे उपजतात; त्यांपैकी कित्येक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद असतात. त्यांच्या सीमा बांधांप्रमाणे अणूंची घसरण अडवितात आणि धातू बळकट होतो.

बळकट केलेला धातू बहुधा ठिसूळ बनतो. परंतु अमेरिकेतील बर्कले येथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टायटॅनियमची बळकटीही वाढली आणि न तुटता ताणला जाण्याचा गुणही वाढला. पुढे तो तुकडा सुमारे ६०० अंशांपर्यंत तापविला, तरी आतील जुळे मोडले नाहीत.